थोरलीचं नाव

निमोण्याच्या भागुबाईच्या गळ्यात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं, सोजराबाईंनी, चांदीचा टाक बांधला. टाकावर बाईचा मुखवटा होता. तो संपतच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, पहिल्या बायकोचा. पाणी शेंदताना पाय घसरून ती विहिरीत गेली होती. त्यांनी सुनेला बजावलं की कुंकू आधी हिला, घास आधी हिला, मग तुला. नाहीतर ती हडळ होऊन मानगुटीवर बसेल.

भागुबाईनं सगळं पाळलं. विहिरीकडं ती एकटी कधी गेली नाही. तरीही दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातलं पडलं. हे सवतीचंच काम, असं गावानं ठरवून टाकलं. देवऋषी झाले, लिंबं उतरवून झाली. भागुबाई भर दुपारीसुद्धा मागं वळून बघायला लागली.

बहात्तरच्या दुष्काळात शेतात काही उरलं नाही तेव्हा संपत दौंडच्या लोकोशेडमध्ये खलाशी म्हणून, इंजिनांच्या हाताखालच्या कामाला, लागला. भागुबाई रेल्वे कॉलनीत ऑलिव्ह मॅडमकडं धुणंभांडं करू लागली. मॅडमचे मिस्टर इंजिन ड्रायव्हर होते, ते वारले होते. मुलगा ऑस्ट्रेलियात होता. बाईंचा जन्म दौंडचाच, त्यामुळं मराठी यायचं. फक्त लहानथोर सगळ्यांना त्या 'तू' म्हणायच्या.

नाताळच्या संध्याकाळी मॅडमनी भागुबाईला थांबवून घेतलं. कॉलनीतली उरलीसुरली अँग्लो-इंडियन मंडळी जमली. केक कापला, कुलकुलांची, तळलेल्या गोड शंखोळ्यांची, ताटली फिरली. मग मॅडमनी बत्ती मालवली, एक मेणबत्ती ठेवली आणि भुताची गोष्ट सुरू केली. साइडिंगला उभ्या असलेल्या रिकाम्या डब्यात रोज कुणीतरी कपबश्या विसळतं. दार उघडावं तर आत नुसता ओला टॉवेल. ऐकणारे भीत होते आणि भीतभीत केक खात होते.

भागुबाईला नवल वाटलं. गावाकडं भुताचं नाव निघालं की बाया पदर तोंडावर घ्यायच्या. इथं सणासुदीला भुतांना घरात बोलावून लोक गोडधोड खात होते. मॅडम म्हणाल्या, ही चाल आजोबांपासूनची. वर्ष सरताना गेलेल्यांना असं आठवायचं.

फिरत फिरत गोष्ट सांगायची पाळी भागुबाईवर आली. आधी ती नको नको म्हणाली. पण एकदा बोलायला लागली आणि थांबलीच नाही. विहीर, टाक, न जन्मलेली बाळं, सगळं बाहेर आलं. खाणाऱ्यांचे हात थांबले. शेवटी मॅडमनी हळूच विचारलं,

"तिचं नाव काय होतं?"

भागुबाईचा हात गळ्यातल्या टाकाकडं गेला. जिला ती रोज घास दाखवत होती, तिचं नाव तिला ठाऊक नव्हतं. घरात सगळे 'थोरली' म्हणत, तेही दबक्या आवाजात.

संपत न्यायला आला होता. परतताना रेल्वेच्या पुलावर तिनं त्याला तेच विचारलं. तो कठड्याला धरून उभा राहिला. खाली शंटिंग चाललं होतं.

"म्हाळसा," तो म्हणाला.

"कशी व्हती?"

"पोरगीच व्हती गं. अंधाराला लई भ्यायची. म्हणायची, तुम्ही पुढं चाला, म्या मागनं येते."

एवढं बोलून तो रडायला लागला. दुसरं लग्न ठरल्यापासून तिचा विषय काढायची घरात बंदी होती. भागुबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या रात्री तिनं टाकावरचा मुखवटा पहिल्यांदा नीट न्याहाळला. आपण भ्यालो ती एका भित्र्या पोरीला, आणि आता आपण तिच्याहून वयानं मोठ्या झालो, हे ध्यानात आल्यावर तिला भीतीऐवजी मायाच वाटली.

पुढं दिवस राहिले तेव्हा मॅडमनीच तिला रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. अंगात रक्त कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या, आणि या खेपेला मुलगी झाली, रडून घर डोक्यावर घेणारी. बारशाला सोजराबाई लिंबू-मिरच्या घेऊन आल्या.

"आत्याबाई," भागुबाई म्हणाली, "म्हाळसानं माझं काय बी वंगाळ केलं न्हाई. तिचं नाव घेत जा."

सासूनं लिंबू-मिरच्या खाली ठेवल्या. म्हणाली, थोरलीला गूळ-शेंगदाणे लई आवडायचे, चोरून खायची. मग दोघी हसल्या.

अठ्ठ्याहत्तर साली ऑलिव्ह मॅडम मुलाकडं निघून गेल्या. त्या नाताळला भागुबाईनं खलाशांच्या चाळीत करंज्या तळल्या आणि शेजारणींना बोलावलं. सणाला भुतं कशाला, असं म्हणत बाया आल्या. भागुबाईनं कपबश्यांच्या डब्याची गोष्ट सांगितली. एकीनं आपल्या गेलेल्या आत्याची सांगितली, दुसरीनं दिराची. कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. पुढच्या वर्षी खोलीत जागा पुरेना, म्हणून संपतनं बाहेरच्या ओट्यावर चटया टाकून दिल्या.