सगळ्यांना एकच पासवर्ड

कुरुळीच्या कुसुमताई मुंगसे तरुणपणी एका कंपनीत वायरी जोडायच्या कामाला होत्या. दुसरी शिफ्ट करून खोलीवर परतणाऱ्या बाईकडे घरमालक कोणत्या नजरेनं बघतात, हे त्यांनी सोसलं होतं. म्हणून नवरा गेल्यावर घरावर मजले चढवले, तेव्हा तिथे फक्त नोकरदार मुलींचं वसतिगृह काढलं. मुलीला सोडायला आलेल्या बापाला त्या आधी जेवायला वाढायच्या, मग खोली दाखवायच्या. त्या जेवणावरच अर्धी खात्री पटायची.

मुली लांबलांबच्या जिल्ह्यांतून यायच्या, म्हणून निगडीत वेबसाइट बनवून देणाऱ्या सुजितकडून त्यांनी वसतिगृहाची वेबसाइट करून घेतली. नाव, फोटो, मोबाइल नंबर, सगळं मुलींनी तिथेच भरायचं.

"पोरींचे फोटू कुणाला दिसणार न्हाईत ना?" कुसुमताईंनी विचारलं.

"पासवर्डशिवाय आत काही दिसत नाही, ताई. निर्धास्त राहा."

त्या निर्धास्त राहिल्या.

हिंगोलीकडची स्वप्नाली कंपनीत ट्रेनी होती आणि लवकरच कायम होणार होती. एके दिवशी सकाळपासून तिचा फोन थांबेना. अनोळखी पुरुष, घाणेरडे प्रश्न. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीनं तिला वसतिगृहाची वेबसाइट उघडून दाखवली. खोल्यांच्या चित्रांच्या जागी मुलींचे चेहरे होते, नावं होती, नंबर होते आणि वर असा मजकूर, की स्वप्नालीनं डबा तसाच बंद केला.

सुजितनं साइट बंद केली, पण तोवर फोटो मोबाइलमोबाइलवर फिरले होते. कुसुमताईंनी सायबर पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या अधिकारी बाईंनी सुजितलाही बोलावलं.

"वेबसाइट जिथून चालवता, त्या कंट्रोल पॅनलचा पासवर्ड काय होता?"

सुजित चुळबुळला. "वेलकम, आणि पुढे एक-दोन-तीन."

"सगळ्या ग्राहकांना हाच?"

"सुरुवातीला हाच देतो, मॅडम. नंतर त्यांनी बदलायचा असतो. तसा ईमेल जातो."

"कुणाला ईमेल?" कुसुमताईंचा आवाज चढला. "माझा ईमेल तूच काढलास. तो उघडायचा कसा, हे तरी दावलंस का? पॅनल का काय म्हणता, ते मी आज पयल्यांदा ऐकते!"

अधिकारी बाई म्हणाल्या, "चोराला काही फोडावंच लागलं नाही. असे ठरलेले पासवर्ड टाकून बघणारी यंत्रं दिवसरात्र चालू असतात. जे दार उघडलं, त्यात शिरायचं."

"मग दाराला असलं कुलूप लावणाऱ्याला धरा की!"

"आधी शिरलेल्याला शोधू द्या."

तो सापडला नाही. माग परदेशातल्या कुठल्याशा कॉम्प्युटरपर्यंत गेला आणि तिथेच संपला. सुजितला समज देऊन सोडलं.

तोवर बाप येऊ लागले होते. स्वप्नालीचे वडील कोंडाजी आले, तेव्हा कुसुमताईंनी ताट वाढलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

"ताई, तुमच्या भरवशावर ठेवली होती."

"आबा, माझी काय चूक?" स्वप्नाली रडत म्हणाली. "मला कायम करणार आहेत. पुढच्या महिन्यात!"

"चूक कुणाची का असंना. गावात तोंड मला दाखवायचंय."

त्यांनी तिची बॅग उचलली. ती जिन्यावर बसून राहिली, तेव्हा हाताला धरून उठवली. कुसुमताई आडव्या गेल्या नाहीत. कोणत्या तोंडानं जाणार होत्या? पुढच्याच लगीनसराईत तिला उजवलं. कुसुमताईंना आमंत्रण नव्हतं. दुसऱ्या एका मुलीकडून कळलं.

खोल्या रिकाम्या झाल्या. कुरुळीतल्याच बायका म्हणू लागल्या, "बाईच तसलं चालवत असंल, उगाच व्हतंय व्हय?" कुसुमताईंनी ज्यांच्या बाळंतपणात रात्री जागवल्या होत्या, त्याच या बायका. अखेर कुसुमताईंनी सगळी इमारत एका ठेकेदाराला कामगारांसाठी दिली आणि स्वतः मागच्या खोलीत राहायला गेल्या. आता जिन्यात पुरुषांच्या चपला असतात.

सुजितचं बरं चाललंय. त्याच्या वेबसाइटवर 'समाधानी ग्राहक' म्हणून वसतिगृहाचं नाव अजून झळकतं. कुसुमताईंनी फोन करून ते काढायला सांगितलं.

"करतो ताई," तो म्हणाला. "जरा कामात आहे."

त्यांनी पुन्हा फोन केला, तेव्हा त्यानं उचलला नाही.