स्टिअरिंगवर कोण होतं

या गोष्टीची एक आवृत्ती आपल्या मंडळात सगळ्यांना पाठ आहे. दत्ताकाकांनी माझी लाल टू-सीटर दिव्याच्या खांबावर घातली, ती. पॉटलकच्या जेवणांना दोनदा मी स्वतःच ती हावभावांसकट सांगितली आहे, आणि तुम्ही हसलाही आहात. दुसरी आवृत्ती मात्र कुणीच ऐकलेली नाही. माझ्या बायकोनेही नाही. ती आज लिहायचीच असं ठरवून बसलोय. चहा गार झाला, दोनदा उठून उगाच हीटर बघून आलो... पण लिहिणार.

आधी गाडीबद्दल बोलतो. पळवाट म्हणा हवं तर. थोडी आहेच.

कोविडचं पहिलं वर्ष. ऑफिस घरात आलेलं. गुंगालिन उपनगरातल्या आमच्या घरात दोन पोरं, बायको आणि मी, चौघं चार कोपऱ्यांत चार मीटिंगांना बसलेले. अशा वेळी शहाणा माणूस काय घेतो? ट्रेडमिल घेतो, ब्रेड भाजायला शिकतो. मी वीस वर्षं जुनी, कापडी छपराची, मागच्या चाकांवर चालणारी जपानी स्पोर्ट्स कार घेतली. बायको एवढंच म्हणाली, "सीटा दोन आहेत. उरलेल्या दोघांनी मागून धावत यायचं का?"

आणि घेतली कधी? जूनमध्ये. कॅनबरात, ऐन हिवाळ्यात! पूजेचं लिंबू मी हौसेने आदल्या संध्याकाळीच चाकाखाली ठेवून दिलं. सकाळपर्यंत त्याची गोटी झाली होती. ते फुटलं नाही. गाडीच त्याच्यावरून घसरून कचऱ्याच्या बिनला जाऊन टेकली. मग एकदा काचेवरचा फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, काढायला केटलभर उकळतं पाणी ओतलं. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. नवी काच बसवली, आणि त्याच आठवड्यात राउंडअबाउटवर गाडी स्वतःभोवती गिरकी घेऊन उलट्या तोंडाने उभी राहिली. बघणारे दोघंच होते. कुंपणावरचा एक मॅगपाय पक्षी, आणि फूटपाथवर माकडटोपी घालून फिरायला निघालेले दत्ताकाका.

दत्ताकाका म्हणजे मिलिंदचे वडील. मिलिंद माझा इथल्या युनीपासूनचा मित्र, घर दोन गल्ल्या सोडून. काका तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाली. काकू साताऱ्यात, काका इथे. साताऱ्याच्या डेपोत बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, त्यातली निम्मी घाटात. एक अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते पाकिटात ठेवत, काकूंच्या फोटोशेजारी, आणि इथे भेटलेल्या प्रत्येकाला एकदा तरी दाखवत.

त्या सकाळी ते शांतपणे गाडीपाशी आले, चारी चाकं बघितली आणि म्हणाले, "इंजिनेर, तुला गाडी येत न्हाई. शिकवू का?"

आणि मी शिकलो. हे मात्र खरं आहे. रोज सातला, नऊच्या मीटिंगआधी, ओव्हल मैदानाशेजारच्या ओस पडलेल्या कारपार्कात. मिलिंदने काकांना इथे गाडीला हात लावू दिला नव्हता. त्यांचं वय, त्यांचे डोळे, इथले नियम... त्याने मला बजावलं होतं, शेजारी बसव, स्टिअरिंग देऊ नकोस. मी शब्द दिला होता. काकांनी तो पाळला. ते फक्त एक करत. बसल्यावर हात लांब करून स्टिअरिंगला लावायचे आणि मग कपाळाला. पहिल्या फेरीला निघताना एसटीत करत तसंच. त्याशिवाय मी चावी फिरवलेली त्यांना चालत नसे.

छप्पर उघडं, हीटर पायांवर, कान सुन्न, गवत पांढरंशुभ्र. मागची चाकं घसरून सुटायची, त्या एका क्षणासाठी मी कित्येक वर्षांत पहिल्यांदा गजराच्या आधी उठत होतो. काकांचं शिकवणं एवढंच: ब्रेकवर नाचू नगंस. जिकडं जायचंय तिकडं बघ. खांबाकडं बघितलंस की गाडी खांबाकडंच जाती. मी शंभरदा चुकलो, शंभरदा पुन्हा केलं. ऑगस्टपर्यंत सुटलेली गाडी धरता यायला लागली. तेवढ्यावर मी मंडळाच्या ग्रुपवर हिवाळी ड्रायव्हिंगच्या टिप्स टाकू लागलो. रोज एक. दत्ताकाकांचं नाव एकाही टिपेत नव्हतं. तेव्हाच माझं मला कळायला हवं होतं, नाही का?

आता ती सकाळ.

रात्री भुरभुर पाऊस पडून गेला होता आणि मग तो गोठला होता. फ्रॉस्ट पांढरा दिसतो. हा दिसत नाही, डांबर नुसतं ओलं वाटतं. काकांनी उतरून बुटाने घासून पाहिलं आणि म्हणाले, आज नगं. मी म्हटलं, एक आठचा आकडा, फक्त एक. दुसऱ्या वळणावर मागची बाजू सुटली. मी ब्रेकवर उभा राहिलो. आणि बघितलं कुठे? खांबाकडे.

डाव्या बाजूने आदळलो. वेग फार नव्हता, पण काकांचं मनगट डॅशबोर्डवर आपटलं. मी उतरून मिलिंदला फोन केला आणि चेपलेल्या बंपरभोवती फिरत राहिलो. बंपरभोवती! काकांचं दार खांबाला लागून अडकलं होतं, म्हणून ते दुखरा हात छातीशी धरून माझ्या सीटवर सरकले. इंजिन चालूच होतं, ते त्यांनी बंद केलं. मग चांगला हात स्टिअरिंगला लावला आणि कपाळाला. डोळे मिटून, बराच वेळ. गाडीची माफी मागत असावेत. माझ्या वतीने.

मिलिंद पोचला तेव्हा त्याला दिसलं ते हे. ड्रायव्हरच्या सीटवर बाबा, हात स्टिअरिंगवर.

"बाबा चालवत होते?"

मी म्हटलं, "हो रे. मी नको म्हणत होतो."

एक शब्द पुरला असता. दुसरं वाक्य मी आपणहून जोडलं. छप्पर उघडं होतं. काकांना सगळं ऐकू गेलं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, राउंडअबाउटवर चाकांकडे पाहिलं होतं तसं, तपासल्यासारखं. मग मिलिंदकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं."

ते तसं का म्हणाले? मी कधी विचारलं नाही. विचारायला आधी कबूल करावं लागलं असतं.

सहा आठवडे त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. मिलिंदने त्यांचं एकट्याने फिरायला जाणंही बंद केलं. फोनवरून काकूंना सांगितलं की बाबांना आता जमत नाही, आणि साताऱ्यातली त्यांची जुनी गाडी भावाकरवी विकून टाकली. मी समोरच्या सोफ्यावर बसून बिस्किट खात होतो. मान डोलावली. पुढच्या वर्षी विमान मिळालं आणि काका गेले. आता तिकडे पुतण्या त्याची गाडी चालवतो आणि काका मागे बसतात. मिलिंद एकदा हळहळत म्हणाला, बाबा बिल्ला इथेच विसरून गेले, ड्रॉवरमध्ये सापडला.

गाडी अजून माझ्याकडे आहे. दर हिवाळ्यात सातला त्याच कारपार्कात जातो, एकटा. निघण्याआधी हात स्टिअरिंगला लावायचं धाडस अजून झालेलं नाही.

हे मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहिलंय. अंकाचं संपादन मिलिंद करतो, तेव्हा पहिला वाचणारा तोच. म्हणूनच इथे लिहिलं. एकदा पाठवलं की मला शब्द फिरवता येणार नाही.

मिलिंद, बाबा बिल्ला विसरलेले नाहीत. गाडी मी चालवत होतो.