देवरावची हळदीची माळ

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचा देवराव मण्यांचे दागिने करतो, असं सांगितलं की लोक हसतात. ज्यांना हसायचं आहे त्यांनी आताच हसून घ्यावं. पुढं हसण्यासारखं फार नाही.

देवराव आणि मी एकाच जिनिंग-प्रेसिंगमध्ये होतो. मी रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करायच्या यंत्रावर, तो प्रेसवर. प्रेसवरचं काम म्हणजे दाबलेल्या रुईला लोखंडी पट्टे आवळायचे. पट्टा सैल राहिला तर रुई फुगते, गठाण फुटते आणि सुटलेला पट्टा समोरच्या माणसाचं तोंड फोडतो. देवरावच्या हातचा पट्टा सुटलेला मी पाहिला नाही. इतरांचे पाहिले. एका माणसाचा डोळा त्यात गेला. ज्याने तो पट्टा लावला होता तो म्हणाला, "घाई होती." देवराव त्याच्या अंगावर धावून गेला होता. चौघांनी धरला.

असा माणूस मण्यांकडे वळला तो रागानेच. काम सुटल्यावर तो घरी बसून होता. एक दिवस मथुराबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची, पोत तुटली. बाजारातल्या बाईने ती ओवून दिली. थोड्याच दिवसांत पुन्हा तुटली. अर्धे मणी पलंगाखाली, अर्धे मोरीत. देवरावने दोरा हातात घेऊन पाहिला. एकच दोरा, एकच गाठ आणि गाठीवर डिंकाचा थेंब.

"याले काम म्हणते का कोणी?" तो मथुराबाईला म्हणाला, जणू तिनेच ओवली होती.

"मंग तुम्ही करा," ती म्हणाली आणि मण्यांची वाटी त्याच्यापुढे आदळली.

त्याने केली. आधी वाईटच केली. पट्टे आवळलेली बोटं, त्यांत सुई ठरत नव्हती. पण उसवायला तो कधी कंटाळला नाही. शेवटी त्याने आपली रीत बसवली. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया. प्रत्येक मण्यात एक सुई डावीकडून जाते, एक उजवीकडून. दोऱ्याला मेण घासलेलं. शेवटी गाठ मारून टोक तोडायचं नाही, ते मण्यांतूनच मागे फिरवायचं. अशी माळ एका जागी तुटली तरी तेवढा एकच मणी निसटतो, बाकीचे जागचे हलत नाहीत.

पुढं त्याला नादच लागला. माळा, कानातले, बाजूबंद. विकले नाहीत कधी. गल्लीतल्या पोरींना दिले. चहाच्या टपरीवर लोक छेडायचे, "काय देवराव, बांगड्या कवा भरून राह्यला?" तो म्हणायचा, "तू आधी तुह्या सायकलची चेन बसव. रोज रस्त्यात उतरते अन् रोज दुसऱ्याले हाक मारतं."

मोबाईलवर पाहून बाया-पोरी कायबाय सुरू करत. मण्यांचं तोरण, पर्स, उंदीर-ससे. आठ दिवसांत हौस फिटली की अर्धवट वस्तू देवरावकडे. "काका, एवढं पूर्ण करून द्या ना." देवराव फक्त एक पाट सरकवायचा आणि म्हणायचा, "बस. तुहं तू कर. मी पाह्यतो." दुसऱ्याच्या अर्ध्या कामात तो सुई घालत नसे. आपल्या कामाला दुसऱ्याचा हात लागू देत नसे. बऱ्याच जणी पाट पाहूनच परत जात. ज्या बसल्या त्यांच्या वस्तू पूर्ण झाल्या. एवढा साधा हिशेब आहे, पण लोकांना तो अपमान वाटतो.

त्याच्या मुलाला, भारतला, बापाच्या या नादाची लाज वाटायची. तो यवतमाळात मोबाईलच्या दुकानात आहे. मित्र घरी आले की मण्यांची थाळी पलंगाखाली सरकवायचा. बाप प्रेसवर होता, हे मात्र मोठ्या आवाजात सांगायचा. जसं काही ते हात वेगळे आणि हे हात वेगळे.

धाकटी अर्पिता तशी नव्हती. तिचं लग्न राळेगावच्या मुलाशी ठरलं तेव्हाच ती म्हणाली होती, "बाबा, हळदीच्या पाटावर मी तुमच्याच हातचं घालीन. अन् कोणी विचारलं तं सांगीन, बाबानं केलं."

देवरावला दुसरं काही नको होतं. आयुष्यात त्याचं काम कोणी नाव घेऊन सांगितलं नव्हतं. दाबलेल्या गठाणीवर पट्टा आवळणाऱ्याचं नाव नसतं.

पिवळे, पांढरे काचेचे मणी, मध्ये हिरवे, आणि खाली कवड्यांचं पदक. माळ वेळेत झाली. पदक होईना. कवड्या एका रेषेत बसत नव्हत्या, म्हणून तो पुन्हा पुन्हा उसवत होता. हळदीच्या सकाळी माळेचे दोन्ही दोरे खाली मोकळे लोंबत होते आणि कवड्या वाटीत होत्या. हळद दुपारी. देवराव म्हणाला, "होऊन जाते."

भारतला ते होणार नाही असं वाटलं. वाटायला हरकत नाही. त्याने बापाला सांगायला हवं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "बाबा, खुर्च्यावाल्यानं खुर्च्या कमी पाठवल्या. तुम्ही अन् काका जाऊन घेऊन या." काका म्हणजे मी. आम्ही दोघं गेलो. खुर्च्या कमी नव्हत्याच. खुर्च्यावाला आमच्याकडे पाहत राहिला, तरी देवरावने भांडून चार-सहा जास्तीच्या घेतल्याच.

परत आलो तेव्हा मांडव भरला होता. राळेगावहून नवरदेवाला लावलेली हळद घेऊन बाया आल्या होत्या. अर्पिता पाटावर बसली होती. गळ्यात माळ. माळेखाली पदक, कवड्यांचं, भोवती चमकणारे आरसे. देवराव खुर्ची हातात धरून तसाच उभा राहिला.

नवरदेवाची मावशी पुष्पाबाई. तोंडाची फटकळ. तिने माळ बोटावर उचलून पाहिली.

"कुठली वं ही? लय साजरी हाय."

अर्पिता बोलणार तेवढ्यात मागून भारत म्हणाला, "यवतमाळच्या दुकानातली हाय मावशी. ऑर्डर देऊन केली."

अर्पिताने मान वळवून भावाकडे पाहिलं. तिला त्याने सांगितलं होतं की पदक बाबांनीच पुरं करून दिलं.

पुष्पाबाईने हळदीत तेल कालवलं आणि हात भरून अर्पिताच्या गळ्याला लावलं. एकदा, दोनदा. पदक सुटलं आणि थेट हळदीच्या ताटात पडलं.

"अवं माय! हात लावला तं गळूनच आलं. मोठ्या दुकानाचा मोठा माल!" बाया खिदळल्या. "पोरगी तरी नीट जोडलेली हाय का पाहून घ्या वं!"

भारत बापाच्या कानाशी आला. "बाबा, गप राहा. नाव दुकानाचं गेलं. आपलं काय गेलं?"

हे ऐकून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. देवरावचा तर चेहराच काळा पडला. त्याने खुर्ची खाली ठेवली, आपटली नाही, आणि मांडवाच्या मध्यात गेला.

"थे माहं काम हाय," तो म्हणाला.

"कोणतं, पडलं थे?" पुष्पाबाई म्हणाली.

"गळ्यात हाय थे. पडलं थे ह्यानं आणलं."

त्याने ताटातून पदक उचललं, उलटं केलं. कवड्या कापडाच्या तुकड्यावर गरम डिंकाने चिकटवल्या होत्या. आम्ही खुर्च्यांमागे असताना भारतने दुकानातून हे तयार पदक आणलं होतं आणि माळेचे दोन्ही दोरे, जे देवराव पदकातून नेऊन मण्यांत मागे फिरवणार होता, ते आखूड कापून डिंकात बुडवले होते. तेल लागलं, डिंक सुटला. माळेचा शेवट आता उघडा होता आणि एक-एक मणी घरंगळत होता.

"काढ," तो अर्पिताला म्हणाला. तिने माळ काढून दिली. सजावटवाल्याची कात्री पडली होती. देवरावने ती घेतली आणि डिंक लागलेला सगळा भाग कापून टाकला. दोरा आखूड पडला होता, म्हणून दोन्ही बाजूंचे चांगले मणीही सोडवावे लागले. पिवळे-पांढरे मणी त्याच्या ओंजळीत आले.

मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं.

"बाबा, मले विचारलं?" अर्पिता म्हणाली. आवाज चढलेला. "दादानं विचारलं नाही. तुम्हीबी विचारलं नाही. कात्री घेतली अन् चालवली. माळ माही हाय का तुमची?"

देवराव ओंजळीतल्या मण्यांकडे पाहू लागला.

"हळद माही हाय. एवढ्या लोकायत आता मी काय घालू?"

"मी..."

"मी-बी काही नाही. थाळी आणा. इथंच बसा अन् ओवा."

"एवढ्या लोकायसमोर?" देवराव म्हणाला. तेव्हा मला कळलं की लाज एकट्या भारतलाच नव्हती. एवढी वर्षं तो मागच्या खोलीतच बसून ओवत आला होता.

"काहून? माह्या गळ्यात चालते, तुमच्या हातात चालत नाही?"

मथुराबाईने थाळी, मेण आणि चष्मा आणून ठेवला. थाळी जोरात ठेवली. देवराव पाटाशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसला. डीजेवाल्याने गाणं बंद केलं. भारत मांडवाबाहेर निघून गेला.

"आमाले राळेगावले परत जायचं हाय," पुष्पाबाई म्हणाली. "टेम्पोवाला थांबत नाही."

"आपल्यात मुहूर्त पाहत नाहीत, मावशी," अर्पिता म्हणाली. "हळद कुठं पळून चालली?"

"वाळते ना वं हळद!"

"मंग तेल टाका."

रागाने देवरावला नेम साधेना. सुईत दोरा जाईना. मागून कोणीतरी म्हणालं, "देवराव, गठाण बांधतं का माळ?" त्याने वर पाहिलं नाही. दोरा गेला. मग डावी सुई, उजवी सुई, ओढ. डावी, उजवी, ओढ. हातांना लय सापडली. राग गेला नव्हता, तो कामात उतरला होता. राग कामात उतरवता येणारे लोक मी फार कमी पाहिले. बाकीचे दुसऱ्याच्या डोक्यावर उतरवतात.

पुष्पाबाई कंटाळून जवळ सरकली. वाकून पाहू लागली.

"दोन सुया कायले जी?"

"एक तुटला तं दुसरा धरते."

"आतलं कोण पाह्यते एवढं?"

"मी."

 खाली घरंगळलेला एक हिरवा मणी तिने उचलून त्याच्या थाळीत टाकला.

माळ जुळली. देवरावने दोन्ही टोकं मण्यांतून मागे फिरवली आणि ती अर्पितापुढे धरली. कवड्या वाटीतच होत्या.

"पदक?" ती म्हणाली.

"आज होत नाही. घाईत केलं तं त्या दुकानासारखंच होईन."

"मले पदकासकट पाह्यजे होतं."

"माहीत हाय."

तिने माळ त्याच्या हातातून ओढूनच घेतली आणि गळ्यात घातली. हळद लागली. फोटोवाला म्हणाला, ते पडलेलं पदक चिकटपट्टीने लावू, फोटोत कळत नाही. अर्पिता म्हणाली, "मले कळते." मग राळेगावची दुसरी एक बाई पुढं आली. उशिरा आल्यामुळं तिला काही ठाऊक नव्हतं. तिने विचारलं, माळ कुठली आणि खाली अशी मोकळी का.

"बाबानं केली," अर्पिता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "काम बाकी हाय."

जेवणाच्या वेळी भारत परत आला आणि वाढायला लागला. बापाच्या पानात वाढताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मथुराबाई देवरावला म्हणाली, "पोरानं चांगल्यासाठीच केलं."

"म्हणूनच जास्त राग येते," देवराव म्हणाला.

गल्लीत अजून बोलतात की देवरावने मण्यांसाठी पोरीची हळद खोळंबवली. खोळंबवली. बापाचं काम दुकानाच्या नावावर खपवणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही. वर म्हणतात, पोरगा हुशार आहे, वेळ मारून नेली. काय नेलं मारून? ताटात पडलं ना सगळं?

पदक लग्नानंतर झालं. अर्पिता पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा देवरावने ते तिच्यापुढे ठेवलं. मी तिथं होतो. त्याने सुई-दोरा हातात घेतला नाही. म्हणाला, "माळेले लावू का?"

तिने पदक उचललं. आधी उलटं करून मागची बाजू पाहिली, मग पुढची. उजेडाकडे धरलं.

"ही कवडी वाकडी हाय, बाबा."

देवरावने चष्मा लावला, पदक डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या कवडीला एक चांगली शिवी दिली आणि कात्री मागितली.