जिवंत तारकेचा पिंड

अर्जदार: वाराणसी, मोहल्ला दूधविनायक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा, कचेरीच्या आवारात अर्ज लिहिणारा, वय पन्नाशी उलटलेले.
विरुद्ध पक्ष: अज्ञात.
घटनेचे दिवस: गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या, सकाळ, त्यानंतर मार्गशीर्षातला एक गुरुवार, दुपारपूर्वी.
घटनास्थळ: पहिले संकठा घाट, दुसरे अर्जदाराचे राहते घर.
साक्षीदार: अर्जदाराची थोरली बहीण; अर्जदाराची पत्नी; घरचे गुरुजी, ज्यांना कमी ऐकू येते; आणि एक कावळा, ज्याला हजर करता येत नाही.

नावे मुद्दामच दिलेली नाहीत. सगळे प्रकरण एका नावाचे आहे आणि ते नाव मी आता लिहू धजत नाही.

माझे शिक्षण अकरावीत थांबले. तरीही चांगले चांगले वकील मसुदा माझ्याकडे सरकवतात आणि म्हणतात, "पंडितजी, ज़रा देख लीजिए." हे गर्वाने नव्हे, ओळख म्हणून सांगतो. कागदोपत्री मृत ठरलेल्या माणसांचे अर्ज हा माझा विशेष प्रांत आहे. पुतण्याने जमिनीसाठी काकाला मृत दाखवले, आणि काका समोर खुर्चीवर बसून पान चघळत आहे, अशी प्रकरणे आमच्याकडे नवी नाहीत. "प्रार्थी जीवित है" हे वाक्य माझ्या हातून इतक्या वेळा लिहिले गेले आहे की बोटे ते आपोआप लिहितात. आपल्या घरात त्याची गरज पडेल असे मात्र कधी मनात आले नव्हते.

ताई माझ्याहून पुष्कळ मोठी. मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न केले नाही. तिचे खरे आयुष्य शाळेत नव्हते, ते जुन्या नृत्यपटांत होते. वडील वेदपाठशाळेत शिकवीत, सिनेमा त्यांना वर्ज्य. ताईने त्यांच्यापुढे मांडले की नृत्य मुळात शिवाचे, काशी शिवाची, तेव्हा नृत्यपट पाहण्यास काशीत तरी हरकत नसावी. वडील हसले आणि त्यांनी मान हलवली. मी पाहिलेला तो पहिला मंजूर अर्ज.

मग ती मला बोटाला धरून गोदौलियाच्या पलीकडच्या चित्रगृहात दुपारच्या खेळाला नेई. त्या चित्रपटांत गोष्ट एकच असे: तो तिला नाचताना पाहतो, तिच्यात गुंततो, घरचे आड येतात, आणि शेवटी ती त्याच्यासाठी असा नाच करते की आड येणारेही खाली मान घालतात. ताईला आणि मला ती गोष्ट कधी जुनी वाटली नाही. आमची तारका एकच. गिरकी घेण्याच्या आधी ती क्षणभर थांबे. सगळे शरीर थांबलेले, फक्त नजर पुढे गेलेली. त्या एका क्षणात सबंध चित्रगृह श्वास रोखून बसे, पंखेसुद्धा हळू फिरत आहेत असे वाटे. नायकाला नाचता येत नसे. एका चित्रपटात तो नावेत उभा राहून नुसता पाही, आणि त्याचे ते पाहणे हाही नाचाचाच भाग होऊन जाई. पुढे पुष्कळ तरबेज नाचणारे आले, पण तसे थांबणे कुणाला जमले नाही, हे माझे ठाम मत आहे आणि ते मी कुणापुढेही सिद्ध करून दाखवीन.

तारकेचे नाव आणि ताईचे नाव एकच होते. तारकेचे ते पडद्यावरचे, ताईचे वडिलांनी ठेवलेले. ताई यास योगायोग मानत नसे. शाळेच्या समारंभात मुलींचे नाच बसवताना ती सांगे, "गिरकीच्या आधी थांबा ग. ती थांबते तसं. मी थांबते तसं." घरी चित्रपट लावला की खुर्चीत बसूनच तिचे हात पडद्यावरच्या हातांमागून जात. तारकेचा हात उठला की किंचित मागाहून ताईचा उठे. आम्हा घरच्यांना ते इतके सवयीचे होते की पत्नी म्हणे, "वन्संचे हात चालू झाले की मी कुकर लावते. गाणं संपेपर्यंत भात होतो."

गेल्या पितृपक्षात टीव्हीवर आणि सगळ्यांच्या फोनवर बातमी आली की तारका गेली. फोटोला हार घातलेला होता. ताईने टीव्ही बंद केला तो दिवसभर लावलाच नाही. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाली, "तिला मूलबाळ नाही. तिचं कोण करणार?"

"असतील कुणी नातेवाईक," मी म्हटले.

"काशीत राहून तू मला असतील कुणी म्हणतोस?"

सर्वपित्रीला आपल्या पितरांखेरीज धर्मपिंड देता येतो. मित्राला, शेजाऱ्याला, ज्याचे करणारे कुणी नाही त्याला. ही सोय शास्त्रात आहे आणि काशीत ती रोज वापरली जाते. तेव्हा अमावास्येला सकाळी ताई, मी आणि गुरुजी संकठा घाटावर बसलो. आमच्या पितरांचे झाले. मग गुरुजींनी विचारले, "हिचं गोत्र?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

"ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं. सगळ्यांचं मूळ तेच. नाव?"

ताईने नाव सांगितले. गुरुजींना कमी ऐकू येत असल्याने तिने ते मोठ्याने, स्पष्ट, दोनदा सांगितले. गुरुजींनी संकल्पात ते उच्चारले, मी पिंड ठेवला. एरवी कावळ्यासाठी ताटकळावे लागते, हात जोडून काय काय कबूल करावे लागते. त्या दिवशी माझा हात मागे येण्याच्या आधीच तो उतरला. पिंडाला चोच लावली आणि ताईकडे मान वाकडी करून पाहिले. गुरुजी म्हणाले, "तृप्त आत्मा हो. काही राहिलं नव्हतं मागे." ताईने पदराने डोळे टिपले. मला बरे वाटले, चांगले काम पार पडल्यासारखे.

नवरात्रात तारका टीव्हीवर दिसली. चाकाच्या खुर्चीत होती, कुठल्याशा समारंभात हात हलवत होती. बातमी खोटी होती, फोनवरून फोनवर गेलेली अफवा. सूत्रसंचालकाने हसत सांगितले की आता त्या दीर्घायुषी होणार. पत्नीही हसली. ताई प्रथम हसली, मग टीव्हीकडे बघत राहिली.

"मग मी कुणाला जेवू घातलं?" ती म्हणाली.

पत्नीने टीव्हीचा आवाज कमी केला.

"आपलं गोत्र काय रे?"

मला उत्तर ठाऊक होते आणि तिलाही. आमचे गोत्र काश्यप. ताई अविवाहित, म्हणून तिचेही तेच. काश्यप गोत्र, आणि पुढे ते नाव. पिंड ज्या पत्त्यावर पाठवला होता त्या पत्त्यावर आमच्या माहितीत एकच व्यक्ती राहत होती, आणि ती समोर बसून विचारत होती.

"अगं, भावना महत्त्वाची," मी म्हणालो.

"अर्जात भावना चालते का?" तिने विचारले. अर्जात जे लिहिले जाते तेच चालते, हे मीच तिला आयुष्यभर सांगत आलो होतो.

यानंतर जे घडले ते वेगवेगळे घेतले तर क्षुल्लक आहे. भाजीवाला ताईने विचारलेला भाव तिच्या मागच्या बाईला सांगू लागला. मुन्शी घाटावरून नावेत बसलो तेव्हा नाववाल्याने माणसे मोजली, ताईला सोडून मोजली आणि मला म्हणाला, "बहनजी नहीं आयीं का आज?" ती माझ्या शेजारीच बसली होती. तो ओशाळला, डोळे चोळले, म्हणाला ऊन फार आहे. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो तर यंत्र तिचा अंगठा घेईना. वय झाले की रेषा झिजतात, हे मी जाणतो. पण तिथल्या बाबूने पाचही बोटे, मग दुसऱ्या हाताची पाचही लावून पाहिली आणि शेवटी यंत्र पुसताना सहज म्हणाला, "जैसे किसी ने उंगली रखी ही न हो." मी तिथेच बसून अर्ज लिहिला, तो मान्य झाला, पेन्शन चालू राहिली. कागदावर ताई जिवंत होती, आणि तिथवरच माझी विद्या पोचत होती.

सगळ्यांत वाईट घरात घडले. एका दुपारी तिचा आवडता चित्रपट लागला होता, पाण्यावरच्या लाकडी मंचावर तारका नाचते तो. मी जेवून लवंडलो होतो. ताईचे हात उठले, वळले, आणि मग पडद्यावर तारकेचे हात तसेच उठले, तसेच वळले. मी उठून बसलो. गाणे तिला पाठ आहे, अंदाजाने हात पुढे गेले असतील, असे मनाला सांगितले. मग गिरकीच्या आधीचा तो क्षण आला. ताई थांबली. आणि तारका, जी माझ्या लहानपणापासून त्या जागी एकाच मापाने थांबत आली होती, ती ताईने मान हलवेपर्यंत थांबून राहिली. पडद्यावरचे पाणीसुद्धा हलत नव्हते. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेही पाहिले. ती नंतर एवढेच म्हणाली, "नेट अडकलं असेल." टीव्ही केबलचा होता.

गुरुजींना घरी बोलावले. सगळे ऐकायला त्यांना वेळ लागला, कारण सगळे ओरडून सांगावे लागले आणि अशा गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. ते म्हणाले, "ग्रंथात याची सोय आहे. मेला समजून ज्याचं केलं आणि तो परत आला, तर त्याला तुपानं न्हाऊ घालून जन्मापासूनचे संस्कार पुन्हा करायचे. जातकर्म, बारसं. नवा जन्म, नवं नाव. जुनं पिंडाबरोबर गेलं."

ताई म्हणाली, "नाव सोडणार नाही."

"वन्सं, जीव मोठा की नाव?" पत्नी म्हणाली.

"तुला काय जातं? तुझं नाव तर लग्नातच बदललं."

"हो, आणि मेले नाही मी."

ताई थोडी हसली. पुष्कळ दिवसांनी. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "तिचं नाव माझ्यापाशी आहे म्हणून मी इतकी वर्षं एकटी राहू शकले रे. शाळेतून रिकाम्या खोलीत यायचे, आणि आरशात त्या नावाची कुणी असायची. ते काढून घेतलंस तर मी नुसती एक म्हातारी उरते." हे गुरुजींना ऐकू गेले नाही, पण त्यांनी तिचा चेहरा पाहिला असावा. म्हणाले, "कानात काय सांगायचं ते सांगणाऱ्याचं काम. मला कुठं ऐकू येतंय?" मी समजलो. कानात तेच जुने नाव जाणार, असे भाऊबहिणीत न बोलता ठरले.

कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. आमच्या घराण्यातल्या सगळ्या बाळांच्या कानात ताईनेच नावे सांगितली आहेत. तिची आत्या केव्हाच गेलेली. पत्नी म्हणाली, "वन्सं, तुम्हीच तुमच्या आत्या व्हा." शेवटी ते काम माझ्याकडे आले.

मार्गशीर्षातल्या त्या गुरुवारी तुपाचे स्नान झाले. ताई पाटावर बसली, केस ओले, लहान दिसत होती. शेजारून आणलेला पाळणा रिकामाच हलवला. घरात आम्ही चौघेच. पत्नी तिच्या मागे उभी राहून "कुर्रर्र" म्हणाली. मी उजव्या कानाशी वाकलो. अजून ओठ उघडले नव्हते.

"ऐकलं," ताई म्हणाली.

मी तसाच वाकलेला. तिच्या डाव्या कानावरची बट हलत होती, कुणी जवळून बोलल्यावर हलते तशी. डाव्या बाजूला भिंत होती आणि भिंत व ताई यांच्यामध्ये उभे राहण्याइतकी जागा नव्हती.

मी तरीही जुने नाव सांगितले. तिने कपाळाला आठी घातली. "ते कुणाचं? मला सांगितलं ना एकदा."

"काय सांगितलं?"

"कानातलं मोठ्यानं सांगतात का?"

त्या दिवसापासून सगळे सुरळीत आहे, हे अर्जदार प्रामाणिकपणे नमूद करतो. भाजीवाला तिच्याशी हुज्जत घालतो. नाववाला तिला हात देऊन बसवतो. यंत्राने अंगठा पहिल्याच वेळी घेतला. तिची भूक चांगली आहे, तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. मात्र जुन्या नावाने हाक मारली तर ती वळत नाही. ताई म्हटले तर वळते, पण ताई ही हाक माझी आहे, नाव नव्हे. परवा दुपारी मी मुद्दाम तो पाण्यावरच्या मंचाचा चित्रपट लावला आणि शेजारी बसलो. तिचे हात मांडीवर स्वस्थ होते. गिरकीच्या आधीचा क्षण आला. तारका थांबली, माझा श्वास सवयीने अडला. ताईने शेंगदाण्याचे साल फुंकून उडवले आणि विचारले, "कोण रे ही बाई? नाचते बरी."

जिच्याबरोबर ते चित्रपट पाहिले ती आता माझ्याजवळ राहिलेली नाही. शेजारी बसलेली व्यक्ती माझ्या बहिणीसारखी प्रेमळ आहे, बहिणीसारखीच माझ्या ताटात वाढते, आणि ती कोण हे मला माहीत नाही.

सबब नम्र विनंती की, सर्वपित्री अमावास्येस संकठा घाटावर सदर पिंड ज्यांनी स्वीकारला, आणि मार्गशीर्षातील गुरुवारी अर्जदाराच्या घरी अर्जदाराआधी जे बोलले, त्यांनी, ते एक असोत वा दोन, पुढे येऊन खुलासा करावा. पिंड परत मागण्याचा अर्जदाराचा उद्देश नाही. तो दिला, तो आपण घेतला, त्याबद्दल तक्रार नाही. अर्जदाराची मागणी एवढीच की, त्याच्या बहिणीच्या कानात आपण कोणते नाव सांगितले ते कृपया लेखी कळवावे, म्हणजे निदान हाक तरी बरोबर मारता येईल. उत्तर मराठीत चालेल, हिंदीतही चालेल. अर्जदार सुट्ट्या वगळता रोज कचेरीच्या आवारात हजर असतो. प्रत्यक्ष येणे झाल्यास उजव्या बाजूने यावे.

अर्जदार