तिसऱ्या गाण्यातली खरखर

मी शाळा चौथीपर्यंत केली. लिहिणं वाकडंतिकडं होईल, पण खोटं होणार नाही.

आमचं शेत तामसीकडच्या रस्त्याला. कापूस आणि ज्वारी. ऐंशीच्या सालांत वेचणीला बाया रोजानं यायच्या. दहा-बारा जणी एका रांगेत उभ्या राहायच्या. एकेकीला दोन ओळी, कमरेला फडक्याची ओटी बांधलेली, वेचलेला कापूस त्या ओटीत. माझी बायको मधोमध. ती पुढं म्हणायची, बाकीच्या मागून धरायच्या, आणि त्या चालीवर सगळ्यांचे हात चालायचे. एखादी मागं पडली की बायको तीच ओळ परत म्हणायची, तेवढ्यात ती येऊन मिळायची. रांग तुटत नव्हती. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून हे रोज ऐकलं. ऐकलं म्हणणंही चूकच, कानावर पडलं.

मग किलोवर वेचणी सुरू झाली, जेवढा कापूस तेवढी मजुरी. सगळीकडं झाली, आमच्याच शेतात काय राहणार. बायको म्हणाली, "अवो, किलोवर लावसान त बायायचे तोंडं मिटतीन."

मी म्हणालो, "तोंडानं कापूस निंगते का?"

ती ओटी बांधून आपल्या ओळीला लागली. पण झालं तसंच. जी ती आपल्या ओळीत खाली मान घालून. एक पुढं, एक मागं. बायको दोन दिवस एकटीच म्हणत राहिली, मागून धरायला कोणी नाही, मग तीही थांबली. काम मात्र लवकर उरकायला लागलं. चार दिवसांचं तीन दिवसांत. तो वाचलेला एक दिवस कुठं गेला, मला अजून सापडला नाही.

शेत मुकं झालं हे मलाही कळत होतं. एवढा काही मी दगड नाही. म्हणून मी आदिलाबादहून टेप आणला. बस स्टँडजवळ एका दुकानात कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून द्यायचे. मी सांगितलं, जोराची भरा, हात चालले पाहिजेत.

टेप धुऱ्यावरच्या बाभळीखाली ठेवला. एक म्हातारी वेचता वेचता म्हणाली, "बाबू, आता डबा गाते अन् बाया आयकतेत. उलटाच कारभार."

"हात चालवा, आजी."

"चालवून तं राह्यलो बापा. तुह्या डब्याले दम लागत नाई, आमाले लागते."

दोन गाणी वाजली. तिसऱ्याला आवाज कमी वाटला. टेपवर एक लाल बटन होतं. मला वाटलं, लाल आहे म्हणजे जोराचं असेल. ते आणि चालू करायचं बटन, दोन्ही एकदम दाबली. टेप गप्प. आतली चाकं फिरत होती, आवाज नाही. मी उलटासुलटा केला, थापट्या मारल्या. बायकोची ओळ तेव्हा धुऱ्यालगत आली होती. बाया काही बोलल्या, मी काही बोललो, ते आठवणीत ठेवण्यासारखं वाटलं नाही. शेवटी बटनं सुटली आणि गाणं परत सुरू झालं.

घरी येऊन ऐकलं तर तिसऱ्या गाण्याच्या मधोमध खरखर आणि बायांचा गलका. लाल बटन आवाज भरून घ्यायचं निघालं. मी तिथंच बंद केला आणि चिडलो. "नवी कॅसेट खराब करून ठेवली."

बायको हसली. "मी काऊन? बटनं तुमी दाबले."

तेव्हापासून तिसरं गाणं अर्ध्यावर आलं की मी फॉरवर्ड दाबायचो. पुढं सवयच लागली. चांगलं गाणंही पुरतं ऐकत नव्हतो. पोरगा मंचेरियलला कोळसा खाणीत लागला, सुट्टीत नव्या कॅसेटा आणायचा, आणि एक गाणं संपायच्या आत दुसरं लावायचा. त्याला घाई, मला घाई. बायको चुलीपाशी बसून आमच्याकडं पाहायची. तिला टेप लावता येत नव्हता आणि आम्ही तिला कधी विचारलं नाही, तुला कोणतं पाहिजे.

नव्वदची सालं सरता सरता ती गेली. पोटाचा आजार, वेचणीचेच दिवस. तेरवी झाली, पाहुणे गेले, पोरगा ड्युटीवर गेला. एका दुपारी घरात काही तरी आवाज असावा म्हणून मी ती जुनी कॅसेट लावली आणि भिंतीला टेकून बसलो. तिसरं गाणं अर्ध्यावर आलं. उठून फॉरवर्ड दाबायचं होतं. नाही उठलो.

खरखर झाली. मग वारा. मग ती.

"बाई माझ्या ओटीमंदी..."

दोघीतिघींनी मागून धरलं, कोणी हसलं. तिनं तीच ओळ परत घेतली, मागं राहिलेलीला घ्यायची तशी. "बाई माझ्या ओटीमंदी..."

आणि लगेच अगदी जवळून, मोठ्यानं, मी. "थांब वं. गप राय जराशी. टेप पाहू दे मले."

ती थांबली. पुढं नुसता वारा. मग ते जोराचं गाणं.

दुसऱ्या दिवशी, टेपला डबा म्हणणाऱ्या त्या म्हातारीकडं गेलो. विचारलं, ओटीमंदीच्या पुढं काय होतं.

"काय माईत बाबू. तुही बायको तं तवाच्या तवा जोडे. आज एक, उद्या एक." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "तूच तं होता नं बाजूले बसून."

मी घरी आलो.

आता टेप मी हाताशीच ठेवतो. ती दुसऱ्यांदा ओळ घेते, ती संपता संपता बंदचं बटन दाबायचं, माझा आवाज यायच्या आत. मधे अर्धा श्वास जातो, तेवढीच जागा आहे. पण बोटं म्हातारी झाली. बहुतेक वेळा उशीर होतो.