मॉडेम सापडेना

आमच्या गिरगावातल्या वाडीत राहणारे चिंतामणी पाटणकर बोलताना अडखळतात. 'म' नाहीतर 'र' आला की शब्द घशातच अडून बसतो. आणि आमची वाडी अशी दयाळू, की तो बाहेर पडायच्या आत पाच जण पुरा करून हातात देतात. म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. बायको गेल्यावर तर दूधवाल्यालाही बोट दाखवूनच काय ते सांगायचे.

एका माणसाशी मात्र रोज संध्याकाळी गप्पा चालत. दादरचे रघुवीर कर्णिक. एकाच ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात दोघांची नोकरी झाली. दोघांच्या घरी लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर, त्याला जुना मॉडेम, मॉडेमला लँडलाइन. इकडून नंबर लावला की तिकडचा मॉडेम किंचाळत फोन घ्यायचा, आणि मग इथे टाइप केलेलं अक्षर तिथे उमटायचं. तिथे मधे तोंड घालणारं कोणी नाही. मोबाईलवर मेसेज करता येतो की, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी असं काही बघितलं, की मी परत तो विषय काढला नाही.

मग जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. नव्याला मॉडेमची केबल लागेल असं सिरीयल पोर्टच नव्हतं. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचा कन्व्हर्टर आणला. तो जोडला की पोर्टचं नाव यादीत यायचं आणि लगेच गायब व्हायचं. केबल बदलली, पोर्ट वापरायच्या परवानग्या तपासल्या, मॉडेम बंद-चालू करून झाला. "अहो, दादरला जाऊन या ना!" मी वैतागून म्हटलं. गिरगावाहून दादर म्हणजे काही काळं पाणी नाही. पण तिथे रघुवीररावांचा मुलगा, सून, नातवंडं. म्हणजे शब्द पुरे करणारी आणखी तोंडं. संध्याकाळ झाली की पाटणकर त्या पडद्यासमोर नुसते बसून राहायचे. मला बघवत नसे.

शेवटी सिस्टिमच्या नोंदी चाळताना चोर सापडला. अंधांसाठी ब्रेल यंत्र चालवणारा एक प्रोग्राम हा कन्व्हर्टर आपलंच यंत्र समजून बळकावत होता. पाटणकरांनी तो काढून टाकला. मॉडेमला हाक मारली, तर पडद्यावर 'ओके' उमटलं. किती दिवसांनी ते हसले! लगेच नंबर लावला.

मॉडेमच्या स्पीकरवर रिंग वाजली. पण पलीकडून किंचाळी आलीच नाही, माणसाचा आवाज आला.

"चिंत्या, तूच ना रे? इतके दिवस काही नाही. मॉडेम काढून साधा फोन लावून बसलोय मी. बोल काहीतरी."

पाटणकरांची बोटं कीबोर्डवर गेली आणि थांबली. आता टाइप करून काय उपयोग? त्यांनी मॉडेमला जोडलेला फोन उचलला.

"म... म..."

शेजारी बसलेल्या माझ्या तोंडाशी शब्द आला होता, तो गिळला. पलीकडूनही कोणी काही बोललं नाही. बराच वेळ गेला.

"मला करमत नाही रे."

"मलापण," स्पीकरवर रघुवीरराव म्हणाले.