सोफीआंटींचे पिक्चर आणि गोदूबाईचा मिथुन

शालोमकाका गेल्यावर सोफीआंटी मला म्हणाल्या, "नीता, आता भांडायला कोणी उरलं नाही गं."

नवीन पनवेलला आमची दारं समोरासमोर. त्यामुळे त्या दोघांची भांडणं मी वर्षानुवर्षं ऐकलेली होती. विषय एकच, पिक्चर. आंटी फोर्टातल्या एका फ्रेंच कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. भाषा तिथेच शिकल्या आणि तिथूनच त्यांना फ्रेंच गुन्हेगारी सिनेमांचा नाद लागला. काकांना मात्र अमेरिकन गँगस्टरच हवे असायचे. त्यांचा मुलगा बेन इस्राएलला स्थायिक झालेला. तो दोघांच्याही आवडीच्या डीव्हीडी पाठवायचा आणि भांडणाला नवा माल पुरवायचा.

"तुझ्या पिक्चरमध्ये माणूस अर्धा तास नुसता कोट चढवतो," काका म्हणायचे. "तेवढ्यात आमच्या माणसाच्या खिशात अर्धं शहर आलेलं असतं."

"आणि उरलेलं अर्धं शहर बोंबलत असतं," आंटी म्हणायच्या. "तुमचा माणूस हावरा. अजून हवं, अजून हवं करत वर चढतो आणि धाडकन पडतो. माझ्या माणसाला आपण मरणार हे पहिल्यापासून माहीत असतं. तरी तो कुणाचं नाव घेत नाही. शब्द दिला म्हणजे दिला."

काका गेले आणि हे सगळं थांबलं. आंटी टीव्ही लावायच्या, पण आवाज बंद ठेवून.

मग गोदूबाई आली. म्हणजे येत होतीच ती. उरणकडच्या खाडीकाठची कोळीण, आमच्या सेक्टरमध्ये दारोदार मासळी विकायची. आंटींसाठी जिताडा वेगळा ठेवायची. खवल्यांचा मासाच त्यांना चालतो, कोळंबी, खेकडा त्यांच्या ज्यू धर्मात नाही, हे तिला ठाऊक होतं. एका दुपारी पाणी प्यायला म्हणून ती आत आली आणि समोर पिक्चर चालू होता म्हणून फरशीवर बसली. काकांचा होता, अमेरिकन. लग्नाचा मोठा मांडव, पोरंबाळं, आणि त्यात एक म्हातारी आपल्या गुंड पोराच्या ताटात आग्रहाने वाढत होती.

"बाई, ही याची आय?" गोदूबाईने विचारलं.

"हो."

"पोरगा काय करतो तिला ठावा हाय?"

"ठाऊक असावं. बोलत नाही."

"कशी बोलेल?" गोदूबाई म्हणाली आणि पिक्चर संपेपर्यंत उठली नाही.

मग ती टोपली रिकामी झाली की वर यायची. आंटी तिला संवाद मराठीतून सांगायच्या. कधीतरी आंटींनी तिला आपला फ्रेंच पिक्चर दाखवला. एका खोलीत एकटा राहणारा माणूस, ना कुणाशी बोलणं, ना हसणं. गोदूबाई अस्वस्थ झाली.

"याला आय नाय?"

"दाखवलेली नाही."

"असा कसा? आभालातून पडला का? याला जेवायला कोन घालतो?"

"अगं, त्याला कुणाची गरज नाही. हीच तर त्याची ऐट आहे."

"कसली ऐट? घरचा कोन नाय म्हणून असा बसलाय. तुमचे साहेबांचा पिक्चर बरा. त्याच्यान मानसा हायत."

आंटी तावातावाने उत्तर देऊ लागल्या. समोरच्या घरात मला ते ऐकू आलं आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा भांडण सुरू झालं होतं.

गोदूबाईचा मुलगा मिथुन कधीकधी तिला न्यायला मोटारसायकलवरून यायचा. बाप काळूराम होडीवर गेला असताना वारलेला. पोराने मासेमारी सोडली होती, रेतीबंदरावर एका शेठकडे काम धरलं होतं. खाडीतून चोरून रेती उपसायची आणि डंपर भरायचे. तो हसरा होता. दारातून डोकावून टीव्हीकडे बघायचा आणि म्हणायचा, "मावशी, आमचे आयेला बिघडवलास तू."

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात त्या शेठच्या डंपरखाली एक वॉचमन सापडून मेला. गाडी शेठचा पुतण्या चालवत होता. पोलिसांपुढे मात्र मिथुन उभा राहिला, म्हणाला, मी होतो. जामिनावर सुटून आला तेव्हा गोदूबाई त्याला घेऊन थेट आंटींकडे आली. मीही तिथेच होते.

"बाई, तुमी हापिसान काम केलाय. तुमचा ऐकेल तो. त्याला सांगा, खरा काय ते सांग म्हणून."

आंटींनी त्याला खुर्चीवर बसवलं. "मिथुन, नाव सांग. माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, आपण उद्याच जाऊ त्यांच्याकडे."

"नाय मावशी."

"का? भीती वाटते?"

"शब्द दिलाय शेठला. तो माजे आयेला बघणार हाय."

"शेठ बघणार? अरे, तुला घाबरतोय तो! आज तू गप्प आहेस, उद्या बोललास तर, हाच विचार करत असेल तो. नाव सांगून टाक, मी पाया पडते तुझ्या."

सत्तरीकडे झुकलेली ती बाई खरोखर वाकली. मिथुनने पटकन त्यांचे हात धरले. "असा नको करू. आमच्यान नाव नाय घेत." तो हसला, पण आईकडे त्याने बघितलं नाही.

गणपती झाल्यावर मिथुनचं प्रेत खारफुटीत सापडलं. जेटीवरून पाय घसरला, असं कागदावर आलं. डोक्यामागची जखम सगळ्या कोळीवाड्याने पाहिली होती, पण बोललं कोणी नाही.

आंटी आणि मी रिक्षा करून गेलो. मोठा कोळीवाडा, पण घरांची दारं लावलेली. शेठच्या भीतीने कोणी बाहेर पडलं नव्हतं. मिथुनच्या मोटारसायकलवर मागे बसून हिंडणारे मित्रही नव्हते. खांदा द्यायला माणसं शोधावी लागली. गोदूबाई ओट्यावर बसली होती. तिने आंटींकडे बघितलं.

"बाई, माजे पोराचा तुमचे पिक्चरवानी झाला. मना वाटलेला, येवढा मोठा आमचा गाव, मरणाला तरी येल."

आंटी तिच्याजवळ खाली बसल्या, तिचा हात मांडीवर घेतला.

परतताना रिक्षात आंटी म्हणाल्या, "मी आयुष्यभर त्या माणसांचं गप्प राहणं कौतुकाने बघत आले. त्यांच्या घरी कॅमेरा कधी गेलाच नाही."

पुढे गोदूबाईने आमचा सेक्टर सोडला. आंटींनी तिच्या गावी दोनदा निरोप धाडला, ती आली नाही. दुपारी आंटी पंखा लावून नुसत्या बसायच्या. मी गेले तर चहा करायच्या, विषय काढायच्या नाहीत. दोन वर्षांनी बेन येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी टीव्ही, डीव्हीडी सगळं मला घ्यायला सांगितलं. मी नको म्हटलं.

मागच्या वर्षी उरण नाक्याच्या बाजारात मला गोदूबाई दिसली. केस पांढरे झालेले, पुढ्यात थोडीशी मासळी. तिने ओळखलं आणि पहिलं हेच विचारलं, "बाई कशी हाय?"

मी तिथूनच आंटींना फोन लावला आणि तिच्या कानाशी धरला. आंटी हॅलो, हॅलो करत होत्या. शेवटी गोदूबाई एवढंच म्हणाली,

"बाई, जेवलास का?"

पलीकडून आंटींचं रडणं मला बाजारातल्या त्या गलक्यातही ऐकू आलं. गोदूबाई फोन कानाशी धरून ऐकत राहिली. समोर उभ्या गिऱ्हाइकाला तिने हाताने थांब म्हणून खूण केली.